गिऱ्हाईकही कामाला

1948 साली कॅलिफोर्नियातल्या सॅन बर्नार्डिनो गावात रिचर्ड आणि मॉरिस मॅकडोनाल्ड या भावांनी आपलं छान चाललेलं हॉटेल काही महिने बंद ठेवलं. पुन्हा उघडलं तेव्हा मोटारीपाशी येऊन ऑर्डर घेणाऱ्या मुली नव्हत्या, काचेच्या बशा नव्हत्या. यादीत जेमतेम नऊ पदार्थ, बर्गर 15 सेंटला. खिडकीपाशी यायचं, पैसे द्यायचे, पुडी घ्यायची. पुढे नवी इमारत बांधताना त्यांनी टेनिस कोर्टवर खडूनं खऱ्या मापाचं स्वयंपाकघर आखलं आणि कामगारांना त्यात बर्गर करण्याची नुसती नक्कल करायला लावली. पाऊल कुठे वाया जातं ते बघायचं आणि त्याप्रमाणे यंत्रांच्या जागा हलवायच्या. अशा ठिकाणी आचारी लागतच नाही.

यातली मूळ कल्पना त्या भावांची नव्हे. फ्रेडरिक टेलरनं 1911 च्या पुस्तकात कामगाराच्या हालचाली घड्याळ लावून मोजायला सांगितलं होतं, आणि 1913 मध्ये फोर्डच्या कारखान्यात सरकता पट्टा आला. त्याच्याही आधीपासून जर्मनीत माक्स वेबर नियमांनी बांधलेल्या आधुनिक जगण्याला पोलादी पिंजऱ्याच्या रूपात पाहत होता. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ जॉर्ज रिट्झर यानं 1983 च्या लेखात आणि मग 1993 च्या पुस्तकात म्हटलं, वेबरला जे सरकारी कचेरीत दिसलं ते आता बर्गरच्या दुकानात बघा. झटपटपणा, मोजमाप, सगळीकडे तेच ते आणि नियंत्रण, ही त्याची चार सूत्रं. शाळा आणि दवाखानेही याच वाटेनं चाललेत, असं त्याचं म्हणणं.

मला यातलं चौथं सूत्र सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. वेगाचं कौतुक आपल्याला कुणी सांगायला नको. वडापावही तितक्याच झटपट हातात पडतो. पण चटणी किती लावायची हे गाडीवाला समोरचं गिऱ्हाईक बघून ठरवतो. तिकडे बर्गरच्या दुकानात सॉस किती ते मोजून सोडणारा पंप ठरवतो. आणि गिऱ्हाईकही नकळत कामाला लागतं: रांगेत उभं राहा, ट्रे उचला, उष्टं टाका. आता तर पडद्यावर ऑर्डर आपणच टाइप करतो, वर तारे देऊन डिलिव्हरीवाल्याची हजेरीही आपणच घेतो. पगार शून्य!

रिट्झरचं चित्र जरा सपाट आहे, हेही खरं. जेम्स वॉटसननं संपादित केलेल्या 1997 च्या पुस्तकात हाँगकाँगची मुलं मॅकडोनाल्ड्सच्याच दुकानांत तासन्‌तास अभ्यास करत बसलेली दिसतात. भारतात 1996 साली दिल्ली-मुंबईत ही दुकानं आली ती गोमांसाशिवाय. पुढे आलू टिक्कीही आली. पदार्थ आपला झाला, पण घड्याळ त्यांचंच राहिलं.

त्या घड्याळाची किंमतही मोजली गेलेली आहे. अमेरिकेत अर्ध्या तासात पिझ्झा पोचवण्याची हमी देणाऱ्या डॉमिनोजच्या गाडीची धडक बसलेल्या एका बाईला 1993 मध्ये ज्युरीनं सात कोटी डॉलरहून अधिक भरपाई ठरवली, आणि कंपनीनं तिथली हमी मागे घेतली. भारतात मात्र तीच हमी पुढे अनेक वर्षं दिली गेली.