वाचनाची आवड कुणाच्या पैशावर?

‘मला लहानपणापासून वाचनाची आवड’ हे वाक्य सत्कारात फार ऐकू येतं. घरात कपाट, कपाटात पुस्तकं. ज्यांच्या घरात कपाटच नव्हतं, त्यांनी आवड कुठून आणली? अन् तिचा खर्च कुणाच्या नावावर मांडायचा?

बाबासाहेबांचं बालपण बघा. शाळेबाहेरची पुस्तकं हवीत म्हणून पोरगं हट्ट करायचं. सुभेदार रामजीबाबा लग्न झालेल्या लेकीकडं उसने पैसे मागायला जायचे. तिथं नाही जमलं तर दुसऱ्या लेकीचा दागिना गहाण टाकायचा, पेन्शन आली की सोडवून परत करायचा. 1907 साली भीमराव मॅट्रिक झाले, केळुसकर गुरुजींनी बुद्धचरित्र दिलं. गुरुजींचं नाव आपण घेतो, घ्यायलाच पाहिजे. बहिणीच्या दागिन्याचं नाव जयंतीच्या कुठल्या भाषणात येतं?

आमच्या अंबड-घनसावंगीकडून दरसाल माणसं ऊसतोडीला जातात. मायबापानं कोयता उचलला की मी आजीजवळ गावात, शाळेत. अक्का दुसरीतून निघाली. कोपीवर धाकट्याला कोण सांभाळणार? मी पोरगा म्हून राहिलो, ती पोरगी म्हून गेली. 25 डिसेंबर 1927 ला महाडात मनुस्मृती जाळली. आमच्या घरात ती मुकाट बसून होती.

मला वाचनाचा नाद लागला तो विहारात. वर्षावासात ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ वाचायला मला बसवायचे. मोठी माणसं माझ्या तोंडाकडं बघायची. आजीचा अंगठा, पण ओळ गाळली की हटकायची, “आरं, मदीच कायतरी सोडलंस, अर्थ लागंना.” तसा वाचक मला पुढं कुठल्या साहित्य संमेलनात भेटला नाही.

आता प्रश्न असा. दागिना पेन्शन आल्यावर सोडवता येतो. अक्काची तिसरी-चौथी कुठल्या सावकाराकडून सोडवायची? कार्यकर्ते म्हणतात, समाजासाठी लिही, फिटलं. मला पटत नाही. कर्ज समाजाचं नाही, एका बाईचं आहे. तिच्या पोरीला वह्या-पुस्तकं घेऊन दिली तरी ती पोरीची शाळा, अक्काची नव्हे.

जालन्याच्या रोलिंग मिलमध्ये मी सळया ओढतो. सुट्टीच्या दिवशी अक्काकडं जातो. बाराखडी झाली. जोडाक्षरावर चिडते, पाटी ढकलते. सध्या ‘धम्म’मधल्या म्मपाशी अडलीय.