टाळ्यांनंतरचे देणे



२२ मार्च २०२० रोजी आपण परिचारिका, वॉर्डबॉय, सफाई कामगार यांच्यासाठी दारोदारी टाळ्या-थाळ्या वाजवल्या. त्या वर्षी मार्च ते ऑगस्ट कर्जाचे हप्ते पुढे ढकलता आले. व्याज मात्र चढतच राहिले. हप्ते थकले की २००२ च्या सरफेसी कायद्याने ६० दिवसांची नोटीस येते, मग घराला बँकेचे कुलूप लागते.

दुष्काळात धान्यासाठी गहाण पडलेली घरे नहेम्याने सावकारांना परत करायला लावली (नहेम्या ५). तो नुसता हळहळला नाही. आपल्या हाती तेवढा अधिकार नाही; पण नोटिशीवर लेखी हरकत घेता येते आणि बँकेला १५ दिवसांत उत्तर द्यावे लागते, एवढे शेजाऱ्याला सांगता येईल. घर गेलेच असेल, तर २०२४ मध्ये सुरू झालेल्या शहरी प्रधानमंत्री आवास योजनेत, पक्के घर नसलेल्या पात्र कुटुंबांना गृहकर्जाच्या व्याजावर अनुदान आहे. तो अर्ज भरताना आपण शेजारी बसू या.

घर गमावलेला माणूस लाजेने मिस्सालाही यायचा थांबतो. पंचवटीत असे कोणी असेल, तर त्याच्या भाड्याच्या खोलीवर आधी आपणच जाऊ या. प्रभू आपणांस तशी बुद्धी देवो. आमेन.