आवडलेल्या वस्तूचं देणं

जुन्या घराच्या पुढं ओटा असायचा, आणि त्या ओट्यावर बसायला घरमालकाची परवानगी लागत नसे. जागा मालकाची, दगड मालकाचा, सारवायचं घरातल्या बाईनं. पण बसणार गल्ली. टपाल वाटणारा तिथं पिशवी टेकायचा. भांड्यांवर कपडे घेणारी बोहारीण डोक्यावरची पाटी उतरवून पाणी मागायची. भर उन्हात दुसऱ्या गावी निघालेला अनोळखी माणूस घटकाभर टेकून, तंबाखू मळून पुढं जायचा. त्याला कोणी ‘कुठनं आला’ विचारायचे, पण ‘का बसला’ असं कोणी विचारत नसे.

माझं आजोळ अवसरी बुद्रुक. मंचरपासून जवळ. शेजारी अवसरी खुर्द. बुद्रुक म्हणजे थोरलं, खुर्द म्हणजे धाकटं; फारसीतून आलेले हे शब्द महाराष्ट्रात कितीतरी जोडगावांना चिकटले आहेत. आता धाकट्या अवसरीत शासनाचं अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, गावोगावची पोरं तिथं शिकायला येतात. तरी थोरलेपणाचा मान आपलाच, असं मामा अजून म्हणतात.

२०२४ साली २६ जानेवारी शुक्रवारी आली. शनिवार-रविवार जोडून सुट्टी. अशा सुट्टीला पुणे-नाशिक रस्त्यावर गाड्यांची रीघ लागते. कोणी भीमाशंकरला, कोणी शिवनेरीवर, कोणी ओझर-लेण्याद्रीला. आम्हीही त्या रांगेतले. पुण्याहून सहाजण निघालो. त्यात एक मित्र आर्किटेक्ट, एक मैत्रीण कॉलेजात डिझाइन शिकवणारी, आणि एकाचं पुण्यात छोटं हॉटेल. चाकणला तास गेला. गावात पोचलो तेव्हा शाळेतलं झेंडावंदन उरकून पोरं खाऊचे पुडे घेऊन घरी निघाली होती.

मामांचं घर म्हणायला वाडा. खरं तर सहा खणांचं घर. खण म्हणजे दोन तुळयांमधलं अंतर. लाकूड जेवढं लांब मिळेल तेवढा खण रुंद. म्हणजे खोलीचं माप मालकाच्या हौसेवर ठरत नसे, ते झाडावर ठरायचं. खाली घडीव दगडाचं जोतं, वर पांढऱ्या मातीच्या भेंड्यांच्या भिंती, दोन-अडीच फूट जाड. त्या जाडीतच दिवळ्या, त्यातच धान्याचं बळद. दाराची चौकट सागवानी, वरच्या पट्टीवर मधोमध गणपती कोरलेला. दार बुटकं; आत शिरताना मान लववावीच लागते. आर्किटेक्ट भिंतीला तळहात लावून उभा राहिला. बाहेर ऊन चढलं होतं आणि भिंत गार होती. तो बराच वेळ काही बोललाच नाही.

मैत्रीण खाली बघत होती. सारवणावर हाताच्या बोटांचे अर्धगोल उमटले होते, एकाशेजारी एक, उंबऱ्यापासून चुलीपर्यंत.

‘‘मामी, काय सुंदर टेक्स्चर आहे हो!’’

‘‘टेक्चर व्हय?’’ मामी हसल्या. ‘‘दर आठ दिसाला वाकावं लागतं त्याच्यापायी. आता गुडघं ऐकत न्हाईत.’’

दुपारी मासवडी होती. जुन्नर-आंबेगावात पाहुण्याचा खरा मान मासवडीचा. नावात मासा आहे, पण आत मासा नाही. कापलेली वडी दिसायला माशासारखी, एवढंच. आमच्याकडं घरोघर पंढरीची माळ. मटण वर्ज्य. मग पाहुण्यासाठी जीव काढायचा कशात, तर मासवडीत. ती एकट्या बाईला करायला अवघड. बेसन तेल-मसाल्याच्या उकळत्या पाण्यात घेरायचं, गुठळी होऊ द्यायची नाही. ओल्या फडक्यावर ते गरम असतानाच थापायचं, कारण गार झालं की तडकतं. त्यावर भाजलेलं खोबरं, तीळ, कांदा, लसूण, कोथिंबिरीचं सारण पसरायचं आणि फडकं उचलून उचलून गुंडाळी करायची. हात भाजतात. म्हणून एक घाटणारी, एक थापणारी, एक सारण वाटणारी अशा तिघी लागतात. मामींच्या मदतीला त्यांची जाऊ होती आणि पलीकडच्या घरातली एक म्हातारी आली होती. सोबत काळ्या मसाल्याचा झणझणीत रस्सा आणि बाजरीची भाकरी.

‘‘किती वेळ लागला हो तुम्हाला?’’ मैत्रिणीनं विचारलं.

‘‘येळ कोण मोजतं?’’ मामी म्हणाल्या. ‘‘तुमी किती भाकरी खाल्ल्या ते आमी मोजलं का?’’

जेवण झालं. हॉटेलवाला मित्र ओट्यावर बसून चौकटीकडं बघत होता. शेवटी त्यानं विचारलंच, ‘‘मामा, ही चौकट देता का? चाळीस हजार देतो. नव्या हॉटेलच्या दर्शनी बाजूला लावीन.’’

मामा चिडले नाहीत. ते म्हणाले, ‘‘उन्हाळ्यात घर पाडायचंच हाये. पण वर गणपती बसलाय. तुमच्या हाटेलात तो कुठं बसंल? त्याच्याखालनं कोण कसा जाईल? ते आपल्याला काय माहीत?’’

घर पाडायचं ऐकून आर्किटेक्ट उठूनच बसला. असं घर पुन्हा होणार नाही, हा ठेवा आहे, थोडी दुरुस्ती केली की आणखी शंभर वर्षं जाईल, असं तो कळवळून सांगू लागला. त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. मामांनी सगळं ऐकून घेतलं. मग मामेभावाकडं हनुवटीनं खूण केली. तो एकतीस वर्षांचा. पाच एकर बागायत, निर्व्यसनी. तीन ठिकाणी बोलणी झाली आणि तिन्ही मोडली. मुलीकडची माणसं येतात, जमीन विचारतात, पाणी विचारतात, मग घरात डोकावतात. मातीची जमीन आणि परड्यातला संडास बघून चहा पिऊन जातात.

‘‘भिताडं राखू का पोराचं लगीन करू, सांगा की राव,’’ मामा म्हणाले.

कोणी काही बोललं नाही.

मला वाटतं, खरा प्रश्न तिथं होता. एखादी वस्तू आपल्याला आवडली, म्हणून तिच्यावर आपला काही हक्क येतो का? आर्किटेक्टला घर राहायला हवं होतं. हॉटेलवाल्याला चौकट हवी होती. मैत्रिणीला ते सारवण तसंच असायला हवं होतं. तिघांचंही प्रेम खरं. पण तिघांच्या प्रेमाचा खर्च मामींचे गुडघे आणि मामेभावाचं वय यातून निघणार होता. वाकणाऱ्यानं वाकत राहावं आणि बघणाऱ्यानं सुट्टीत येऊन ते बघावं, ही मागणी कितीही गोड शब्दांत केली तरी मागणीच असते.

याच्या उलट, ‘त्यांचं घर, ते बघून घेतील’ असं म्हणून हात झटकणंही मला पटत नाही. आम्ही ताटावर बसलो होतो. तीन बायकांचे हात आमच्यासाठी भाजले होते. घ्यायचं तेवढं घेऊन, मग मत विचारलं की ‘आम्ही कोण बोलणारे’ म्हणायचं, यात विनय कमी आणि सोय जास्त.

पैशानं हे मिटतं का? निघताना आम्ही पाकीट पुढं केलं. मामींनी ते परत खिशात कोंबलं. पैसे घेऊन खाऊ घालण्यात कमीपणा आहे असं मी म्हणत नाही. जुन्नर तालुक्याला २०१८ साली पर्यटन तालुक्याचा दर्जा मिळाला. आता कितीतरी घरांत पाहुणचार हा धंदा आहे आणि तो स्वच्छ धंदा आहे. ताटाचा दर ठरला की हिशेब तिथंच पुरा होतो, कोणी कोणाचं देणं लागत नाही. बिनदराचं मिळालं की मात्र हिशेब उघडा राहतो. मग फेडायचं कुठं?

दुसऱ्या दिवशी आम्ही जुन्नरकडं गेलो. लेण्याद्रीच्या तीनशेच्या आसपास पायऱ्या चढून गिरिजात्मजाचं दर्शन घेतलं. आज जिथं गणपती आहे ते मुळात बौद्ध भिक्षूंचं विहार. जुन्नरच्या भोवतालच्या डोंगरांत अशा दोनशेच्या वर गुहा कोरलेल्या आहेत. नाणेघाटातून कोकणातली बंदरं आणि घाटावरची गावं जोडली गेली होती. त्या व्यापाराच्या पैशातून हे उभं राहिलं. तिथल्या ब्राह्मी शिलालेखांत दात्यांची नावं आहेत. धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीनं सात खोल्यांचं लेणं आणि पाण्याची पोढी दिली. आणि एक लेख यवनाचा, म्हणजे परदेशातून आलेल्या माणसाचा. त्यानं काय दिलं? भोजनमंडप. भिक्षूंना बसून जेवायची जागा. या लेखांत देणगीला शब्द आहे ‘देयधम’, आपण म्हणू देयधर्म.

मैत्रिणीनं हे सगळ्यांना समजावून सांगितलं, आणि पायऱ्या उतरताना माझ्या डोक्यात तो यवन राहिला. परमुलखातला माणूस. त्याला हा मुलूख आवडला असेल, इथलं अन्न गोड लागलं असेल. त्यानं इथली एखादी सुंदर वस्तू उचलून नेली की नाही, ते लेखात नाही. पण पुढच्या माणसानं बसून जेवावं म्हणून त्यानं दगडात जागा करून दिली, ते मात्र आहे. आवडण्याला त्यानं हक्क मानलं नाही, देणं मानलं. ज्या जेवणारांसाठी त्यानं ती जागा केली, त्यातल्या बहुतेकांची त्याची कधी भेटही झाली नसणार.

मामांचा ओटाही तसाच देयधर्म होता, फक्त त्यावर नाव कोरलेलं नव्हतं. आता त्यावर रात्री कोणी बसत नाही. डिंभे धरणाचं पाणी आलं, तालुक्याच्या पूर्वेला ऊस आला, उसात बिबट्या राहायला आला. दिवस मावळला की पोरंबाळं, शेळ्या, कुत्री, सगळी दाराआड. गप्पा टीव्हीकडं गेल्या आणि टीव्हीवरनं मोबाइलकडं. ओटा कोणी मोडला नव्हता. त्याचं काम आधीच निघून गेलं होतं. मासवडी टिकली, कारण तिला अजून तीन बायका एकत्र येतात. घराच्या भिंती लिंपायला, कौलं शाकारायला भावकी यायची. वाटण्या झाल्या आणि ते हात पांगले. जुनं काय टिकतं, याचं उत्तर मला वस्तूच्या सौंदर्यात सापडत नाही. तिच्यासाठी किती हात अजून जमतात, त्यात सापडतं. हात जमत नसतील तर बाहेरून कितीही हळहळ केली तरी भिंत उभी राहत नाही.

आर्किटेक्ट चैत्रात दोनदा अवसरीला गेला. फी घेतली नाही. जागा मोजली, मामींना स्वयंपाकघर कसं हवं ते विचारलं, मामेभावाचं संडास-बाथरूम घरात घेतलं, पश्चिमेच्या उन्हाला आडोसा काढला. घर स्लॅबचंच झालं. खाली फरशी आली, सारवण गेलं. मामी म्हणाल्या, ‘‘देव पावला.’’ जुनी चौकट गणपतीसकट नव्या देवघराला बसली. वाकूनच आत जावं लागतं. ओट्यावरून घरात वाद झाला. मामेभाऊ म्हणाला, ओटा ठेवला की दारू पिऊन कोणीही येऊन बसतं, कंपाउंड घालू आणि गेट लावू. त्याचंही खोटं नाही. शेवटी गेट झालं आणि गेटच्या बाहेर भिंतीला लागून दोन फुटी कट्टा झाला. बिबट्याच्या भीतीनं सांजेला गेट बंद होतं. कट्टा बाहेरच राहतो.

मैत्रीण पुण्यात बारा मजली इमारतीत राहते. तिथं दिवसभर सामान पोचवणारी पोरं येतात. गेटवर नाव, नंबर, फोटो देतात, लिफ्टनं वर जातात, घाम पुसत खाली येतात आणि मोटरसायकलच्या सीटवरच टेकून पुढच्या फोनची वाट बघतात. बसायला जागा कुठंच नाही. अवसरीहून आल्यावर तिनं सोसायटीच्या बैठकीत विषय मांडला: गेटबाहेर सावलीत एक बाकडं आणि पिण्याच्या पाण्याचा नळ. खर्च ती स्वतः देणार होती. सभासद म्हणाले, उद्या तिथं कोणीही येऊन बसेल.

‘‘तेच तर करायचंय,’’ ती म्हणाली.

विषय पुढच्या बैठकीवर ढकलला. तिथून तो आणखी पुढच्या बैठकीवर गेला. ती दर वेळी पुन्हा मांडते.