नावाचा बांध

कराडजवळच्या एका गावात पाणंदीच्या कडेला आक्कांचं घर होतं. आक्का कांदा-लसूण मसाला करायच्या. मिरची स्वतः निवडायच्या, खोबरं-तीळ बेतानं भाजायच्या, कांडपावर उभं राहून मसाला कुटून आणायच्या. दारावर पाटी होती, ‘घरगुती मसाले’. पिशवीवरही तेच नाव. पाच वर्षांत चार गावांची गिऱ्हाइकं जोडली गेली.

सहाव्या उन्हाळ्यात एक जुनं गिऱ्हाईक पिशवी घेऊन आलं. “आक्का, यंदा हात आखडलात का? मसाल्याला वासच नाही.”

आक्कांनी पिशवी पाहिली. नाव तेच, पण पिशवी त्यांची नव्हती. बाजारपेठेतल्या एका व्यापाऱ्यानं त्याच नावानं मसाला विकायला काढला होता. आक्का शॉप ॲक्टचा कागद घेऊन त्याच्याकडे गेल्या. त्यानं शांतपणे आपलाही कागद पुढं ठेवला. त्यावरही ‘घरगुती मसाले’च लिहिलेलं होतं.

आक्का वकिलांकडे गेल्या. वकील म्हणाले, “हा कागद दुकान चालू आहे एवढंच सांगतो. कामगार थोडे असले तर ती नुसती सूचना असते. नावाची मालकी त्यानं मिळत नाही. ती हवी तर ट्रेडमार्क नोंदवावा लागतो. पण ‘घरगुती’ हा शब्द मालाचं वर्णन करतो, तो सगळ्यांचाच. त्यावर एकट्याचा हक्क सहसा मिळत नाही.”

घरी येऊन आक्कांनी सासूबाईंना सगळं सांगितलं. सासूबाईंचा जन्म शेतात गेलेला. त्या म्हणाल्या, “अगं, तू गायरानात नांगर घातलास. गायरान कुणा एकीच्या नावावर लागतं होय? आधी स्वतःचा तुकडा धर. त्याला बांध घाल, सातबारा करून घे.”

आक्कांनी तसंच केलं. दारापुढची पाणंद रोज डोळ्यांसमोर होती. मसाल्याला नाव ठेवलं ‘पाणंद’. ते आधी कुणी घेतलंय का, हे ट्रेडमार्कच्या संकेतस्थळावर तपासलं. मसाल्यांचा वर्ग 30, त्यात ऑनलाइन अर्ज केला. लहान उद्योगाला एका वर्गाचे 4500 रुपये पडतात, तेवढे भरले. दारावर देवनागरीत ठळक नवी पाटी लावली. पिशवी, बिल, बँकेचं खातं, सगळीकडे एकच नाव. प्रत्येक बिलाची प्रत तारखेनं फाइलला लावली. “ही तुमची वहिवाट,” वकील म्हणाले. “उद्या वाद झाला तर हीच बोलेल.”

छपाईवाला नावापुढं गोलातला आर टाकत होता. आक्कांनी त्याला थांबवलं. नोंदणी होण्याआधी ती खूण वापरणं गुन्हा आहे. तोवर नुसतं टीएम लिहायचं.

पुढं अर्ज तपासला गेला, नाव ट्रेडमार्कच्या जर्नलमध्ये छापून आलं. हरकतीसाठीचे 4 महिने गेले, कुणी हरकत घेतली नाही आणि प्रमाणपत्र हाती आलं.

सासूबाईंनी विचारलं, “आता कायमचं झालं?”

“अर्जाच्या तारखेपासून 10 वर्षं. मग फी भरून पुन्हा वाढवायचं.”

“आणि मसाला करायचा सोडलास तर?”

“सलग 5 वर्षं नाव वापरलं नाही, तर ज्याला त्याची अडचण होते तो ते नोंदीतून काढायला लावू शकतो.”

सासूबाई हसल्या. “म्हणजे पडीक रान. मग उठ, मिरच्या वाळत घातल्यात त्या हलवून ये.”

बोध : सगळ्यांच्या शब्दावर आपला धंदा उभारू नये. आपलं वेगळं नाव धरावं, वेळेत नोंदवावं आणि रोज वापरावं. नोंदीनं नाव आपलं होतं, कसल्यानं ते आपलं राहतं.