झिजणाऱ्याची दखल

गाडीचा क्लच बदलायची वेळ झाली हे ओळखायचं कसं, ते कुठलाही मेस्त्री चहा निवायच्या आत सांगतो. चढाला वरच्या गिअरमध्ये रेस दिली की इंजिन ओरडतं, पण गाडी त्या मानानं ओढत नाही. जळका वास येतो. पेडल जवळजवळ पुरतं वर येईतोवर गाडी उचल खात नाही. तरीही खात्री नसेल तर सपाट, मोकळ्या जागी हॅण्डब्रेक ओढायचा, तिसरा गिअर टाकायचा आणि थोडी रेस देऊन क्लच हळूहळू सोडायचा. इंजिन बंद पडलं तर प्लेट धरतेय. चालूच राहिलं तर प्लेट घसरतेय. नुसता गिअर जड पडत असेल तर मात्र आधी केबल नाहीतर ऑइल बघायचं. पेडल दाबल्यावर घरघर आली तर बहुतेक बेअरिंग.

इतकं सोपं असून माणसाला कळत नाही, हे मला नवल वाटतं.

आमचा थोरला एक जुनी गाडी रोज चालवतो. दिवाळीला पुण्याहून भाचा आला. त्यानं ती ओढ्यापर्यंत नेऊन आणली आणि म्हणाला, "मामा, क्लच गेलाय हिचा." थोरला चिडला. "रोज मी चालवतोय, मला कळंना व्हय?" पण रोज चालवत होता म्हणूनच त्याला कळत नव्हतं. प्लेट केसभर झिजली की पाय केसभर वर सरकतो. पाय शिकत जातो आणि डोक्याला पत्ताच नसतो. भाच्याचा पाय नवा होता, त्याला लगेच लागलं.

माझ्या लहानपणी विहिरीवर मोट होती. वडील बैल जुंपायच्या आधी नाड्यावरून हात फिरवायचे. रोजच. नाडा तुटेल असं वाटायचं म्हणून नव्हे. ते म्हणायचे, "वझं सोसणारं कधी बोलत न्हाई, आपुनच इचारावं लागतं." क्लचप्लेटीचंही तेच आहे. इंजिन आपल्या वेगानं फिरतं, चाकं आपल्या वेगानं. दोघांची गाठ घालताना घर्षण होतं, ते कुणीतरी अंगावर घ्यावं लागतं. ते प्लेट घेते. तिचं झिजणं हा बिघाड नव्हे, तिचं कामच ते. ती झिजते म्हणून गिअरबॉक्सला हिसके बसत नाहीत.

अशी एक प्लेट बहुतेक घरांत असते. मी दहावीत होतो तेव्हा वडील आणि थोरले बंधू एकमेकांशी सरळ बोलत नव्हते. पाण्याची पाळी, ऊस की भुईमूग, सगळा निरोप आईच्या हातून. वडिलांचा राग ती निम्मा करून बंधूंना सांगायची, बंधूंचा हट्ट गोड करून वडिलांना. घर चाललं होतं. कशाला काही कमी नव्हतं. मग अक्का माहेरपणाला आली, आईचा हात हातात घेऊन बसली आणि दोघांनाही ऐकू जाईल असं म्हणाली, "हिच्या बांगड्या कोपराकडं सरकाय लागल्यात, तुमच्यापैकी कुणाला दिसलं का?" त्या रात्री वडील आणि बंधू पहिल्यांदा समोरासमोर बोलले.

मग बघायचं कर्तव्य कुणाचं? मला वाटतं, जो वापरतो त्याचं. झिजणारा सांगणार नाही. बाहेरचा माणूस दिवाळीलाच येतो.

"चालतंय तोवर चालवू" हे आमच्याकडचं जुनं वाक्य. त्याला मी हसत नाही. गिअरबॉक्स उतरवायची मजुरी एकदा पडतेच, म्हणून प्लेट, प्रेशर प्लेट आणि बेअरिंग एकदमच बदलतात. ते पैसे खताच्या पैशातून निघतात. गरिबाला पुढं ढकलावंच लागतं. पण पुढं ढकलण्यातला तोटा कुणाच्या अंगावर जाणार, एवढं बघावं. मी एकटाच गाडीत असेन आणि बंद पडून माळावर उभा राहिलो, तर माझं मी भोगीन. पण वडाप भरून कुंभार्ली घाट चढणाऱ्याला ते वाक्य म्हणायचा अधिकार नाही. प्लेट घसरली तर चढाला गाडी मधेच दम सोडते, आणि उताराला इंजिन पुरतं रोखून धरत नाही, सगळा भार ब्रेकवर जातो. मागं बसलेल्या म्हातारीनं "चालतंय तोवर"ला होकार दिलेला नसतो.

भाचा गेल्यावर थोरल्यानं मुकाट्यानं हॅण्डब्रेकची परीक्षा घेतली. इंजिन चालूच राहिलं. चार दिवसांनी प्लेट बदलली. मेस्त्रीनं जुनी प्लेट हातात दिली, तर अस्तर झिजून रिबिटाला टेकलं होतं. तो म्हणाला, "नवी टाकलीय, पण पाय क्लचवर ठेवून चालवू नका. घाटात हाफ क्लचवर गाडी धरून उभं राहू नका. ब्रेक कशाला दिलाय?"

गाडीची प्लेट बदलता येते. माणसाची येत नाही. तिथं हातात एवढंच राहतं, की त्याच्यावरचा पाय काढायचा आणि आपला भार आपण धरायचा.