चिंधी बांधलेली भेंडी

भोकरदनकडच्या आमच्या खेड्यात आजीच्या परसात भेंडीचा वाफा असे. त्यातल्या दोन-तीन झाडांवर एकेका सरळ, ठसठशीत भेंडीला लुगड्याच्या काठाची चिंधी बांधलेली. ती बियाला सोडलेली. पाहुणा आला आणि भाजी कमी पडली तर पिठलं टाकायचं, पण चिंधीला हात लावायचा नाही. भेंडी झाडावरच वाळून खडखडायला लागली की आजी ती काढी, बी राखेत घोळवी आणि गाडग्यात भरून उतरंडीत ठेवून देई.

हल्ली मोबाइलवर रोज एक ‘आजीचा बटवा’ उघडतो. युक्त्यांशी माझं भांडण नाही. त्या घराबाहेर उचलून आणतात, तिथे घोळ होतो. राखेचंच बघा. राख ओलावा ओढून घेते, तिचे कण किड्याच्या अंगावरचं मेणचट आवरण खरवडतात आणि भुंगेरा सुकून मरतो. युक्ती खरीच आहे. पण राख यायची चुलीतून. तिनेच भांडी निघायची, ते पाणी न्हाणीमागच्या अळूला जायचं आणि अळू माजायचा. माझ्या ओट्यावर गॅस आहे, भांड्यांना साबणाची वडी. जालन्यात नळ काही रोज येत नाही, म्हणून ‘भांड्यांचं पाणी झाडांना’ हा सल्ला मी इमानाने पाळला आणि चांगला वाढलेला कढीपत्ता घालवला. चूल मात्र परत नको. तिच्या धुरापायी आजीचे डोळे कायम लाल असत, हे बटव्यात कुणी सांगत नाही.

काही शहाणपण मात्र कुठेही नेलं तरी टिकतं. आजी दुधीचा देठाकडचा तुकडा जिभेला लावल्याशिवाय चिरत नसे. कडू निघाला तर सरळ उकिरड्यावर. कडू दुधीतलं विष शिजवूनही जात नाही. चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्येही नाही.

आणि बियाणं? जालना तर बियाण्यांचंच गाव. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये इथे महिको ही बियाण्यांची कंपनी सुरू केली, पण त्याआधी त्यांनी हाती घेतलं होतं ते भेंडीचं बी: पुसा सावनी, त्या काळी केवडा रोगाला दाद न देणारी जात. ती सरळ वाणाची; तिचं बी आजीच्या गाडग्यातही नांदलं असतं. संकरित भेंडीला चिंधी बांधून उपयोग नाही. तिचं बी पेरलं तर पुढच्या वर्षी एक झाड एका वळणाचं, दुसरं दुसऱ्याच. संकरित वाणाने शेतकऱ्याचं उत्पन्न वाढवलं, ते मी नाकारत नाही. पण कुंडीपुरतं बी हवं असेल तर दुकानात ‘सरळ वाण द्या’ असं मुद्दाम सांगावं लागतं. दुकानदार जरा चमकून बघतो.

यंदा गच्चीवर तशी भेंडी लावली आणि एकीला चिंधी बांधली. भाची पाणी घालायला आली, चिंधी बघून वाकली आणि हळूच म्हणाली, “मावशी, हिला काय लागलंय?”