शंका घरी, शिस्त डोंगरावर

बारवी धरण काठोकाठ भरतं तेव्हा पाण्याची पातळी समुद्रसपाटीपासून ७२.६० मीटर असते. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यातल्या कारखान्यांना आणि घराघरांतल्या नळांना या पाण्याचा मोठा आधार. अशा सखल मुलखात राहणारी, सकाळची लोकल पकडणारी, शिफ्ट ड्युटी करणारी माणसं हल्ली टपरीवरच्या चहासोबत सहा हजार मीटरच्या गोष्टी करताना दिसतात. कुणाच्या मोबाइलवर लडाखमधल्या कांग यात्से-२ चा फोटो असतो, कुणाला नेपाळ खुणावत असतं. फोटोखाली एखाद्या कंपनीची जाहिरातही असते: गाइड आमचा, दोर आमचा, तंबू आणि जेवण आमचं, तुम्ही फक्त या.

त्यातलं ‘तुम्ही फक्त या’ मला खटकतं. पैसे मोजून गाइड घेण्यात गैर काहीच नाही. अनोळखी हिमशिखरावर तो न घेणं हाच आगाऊपणा ठरेल. पण गाइड घेतल्यावर आपल्या वाट्याला काय उरतं, याचा विचार फारसा होत नाही. माझ्या मते पुष्कळ उरतं, आणि त्यातलं बहुतेक सगळं निघण्याच्या आधी, घरी बसून उरकायचं असतं.

बरीच वर्षं आपल्याकडच्या अनेक ट्रेकरचं पहिलं सहा हजारी शिखर म्हणजे लेहजवळचं स्टोक कांग्री, उंची ६,१५३ मीटर. गर्दीमुळे तिथल्या हिमनदीवर इतका ताण आला की २०२० पासून ते चढाईसाठी बंद झालं. ओघ मग ६,२५० मीटरच्या कांग यात्से-२ सारख्या आणखी आतल्या शिखरांकडे वळला. नेपाळने तर २०२५ मध्ये कर्णाली आणि सुदूरपश्चिम या दोन प्रांतांतल्या ९७ शिखरांचं परवाना शुल्क दोन वर्षांसाठी माफ केलं, कारण त्या बाजूला गिर्यारोहक फारसे फिरकतच नव्हते. ‘ट्रेकिंग पीक’ हा तिथला परवान्याचा एक वर्ग आहे. त्यावरून शिखर सोपं असल्याचं धरून चालू नये. त्याच वर्गातल्या आयलंड पीकच्या माथ्याखालचा उभा बर्फ दोराला जुमार, म्हणजे दोरावर फक्त वर सरकणारी पकड, लावूनच चढावा लागतो.

‘दुर्गम’ या शब्दाचा हिशेबही इथेच मांडावा. बदलापूरजवळच्या चंदेरी किल्ल्याच्या घळीत कुणाचा पाय मुरगळला तर पायथ्याच्या चिंचवलीतून माणसं वर येतात आणि रात्रीपर्यंत जखमी बदलापूरच्या दवाखान्यात पोचतो. तिकडे रस्ता दोन-तीन दिवस मागे राहिलेला असतो. मोबाइलला रेंज नसते, आणि भारतात परवानगीशिवाय सॅटेलाइट फोन बाळगणं हा गुन्हा आहे. हेलिकॉप्टर आलंच तर हवामान पाहून येतं. अनेक प्रवास विम्यांचं संरक्षण ठरावीक उंचीपर्यंतच असतं आणि ती अट बारीक अक्षरांत छापलेली असते.

शरीराचं गणित आणखी निराळं. साधारण ५,५०० मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्मा होतो. मुंबईहून पहाटेच्या विमानाने निघालेला माणूस काही तासांत ३,५०० मीटरवरच्या लेहमध्ये उतरतो, पण त्याचं रक्त अजून बदलापूरचंच असतं. ३,००० मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची उंची एका दिवसात ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर काढावा, असा डॉक्टरांचा साधारण सल्ला असतो. मॅरेथॉन धावणाऱ्यालाही यातून सूट नाही. विरळ हवेत फुप्फुसात पाणी होणं किंवा मेंदूला सूज येणं हे दंडाचे स्नायू बघून होत नाही. म्हणून कार्यक्रमपत्रिका हातात आली की शिखराचा दिवस शोधण्याआधी त्यातले रिकामे दिवस मोजावेत.

विरळ हवेची सवय बारवीकाठी होत नाही. बाकीचं बरंचसं इथे होतं. चंदेरीकडे पहाटे निघालेलं एखादं टोळकं बघा. सॅक पाण्याच्या बाटल्यांनी गच्च भरलेली असते. हे ओझं घेऊन चढायचं आणि वर पोचल्यावर पाणी ओतून टाकायचं, म्हणजे उतरताना गुडघे वाचतात. वर एका झाडापासून दुसऱ्या झाडापर्यंत दोर ताणलेला, मध्येच अँकरची गाठ. एप्रिलच्या उकाड्यात एक मुलगी जाड हातमोजे घालून त्या गाठीपाशी उभी आहे. तिने गाठ ओलांडायची आहे, एवढंच काम. हार्नेसला एका स्लिंगवर जुमार, दुसऱ्या स्लिंगवर कॅराबिनर. आधी कॅराबिनर गाठीच्या पलीकडे लावायचं, त्याचा स्क्रू फिरवून बंद करायचा, ओढून खात्री करायची, आणि मगच जुमार काढून पुढे न्यायचा. दोन्ही एकाच वेळी दोरातून मोकळं करायचं नाही, कधीच नाही. हातमोज्यात स्क्रू बोटांना सापडत नाही. कॅराबिनर निसटतं, ती पुन्हा पहिल्यापासून सुरू करते. बघणाऱ्याला हा घामाघूम प्रकार हास्यास्पद वाटेल. शिखराच्या रात्री दोन वाजता, कपाळावरच्या दिव्याच्या उजेडात, हेच करायचं असतं आणि त्या क्षणी गाइडचे हात दुसऱ्या कुणाच्या तरी दोरात गुंतलेले असतात.

सखल भागातल्या माणसाला उंची गाठता येते, याबद्दल आता शंका उरलेली नाही. २०१८ च्या मे महिन्यात आदिवासी विकास विभागाच्या ‘मिशन शौर्य’मधून चंद्रपूर जिल्ह्यातल्या आश्रमशाळांचे ५ विद्यार्थी एव्हरेस्टवर पोचले. बातमीत फोटो शिखराचा आला. त्यामागे कित्येक महिन्यांचं टप्प्याटप्प्याचं प्रशिक्षण होतं.

महाराष्ट्राला डोंगर शिकवला तो संस्थांनी. मुलुंडचे ‘चक्रम हायकर्स’, पुण्याची १९८२ साली सुरू झालेली ‘गिरिप्रेमी’ आणि गावोगावची अशी कितीतरी मंडळं. १९९८ मध्ये सुरेंद्र चव्हाण एव्हरेस्टवर पोचणारे पहिले महाराष्ट्रीय ठरले. २०१२ मध्ये उमेश झिरपे यांच्या नेतृत्वाखाली ‘गिरिप्रेमी’ची नागरी मोहीम तिथे यशस्वी झाली. मोहीम म्हटली की आधी बैठका, वर्गणी, शिधा बांधणं, याद्या, आणि मनसोक्त भांडणं. सदस्याला दोर किती आणि कुठल्या पेटीत आहे हे ठाऊक असायचं, कारण पेटी त्यानेच भरलेली असायची. कंपन्यांच्या पॅकेजने ही सगळी खटपट वाचवली. त्याला नावं ठेवण्याचं कारण नाही. मंडळात वर्षानुवर्षं घालवायला ज्यांना सवड नव्हती, ज्यांची कुठल्या गटात ओळख नव्हती, पंचेचाळिशीत ज्यांना पहिल्यांदा डोंगराची ओढ लागली, त्यांच्यासाठी हिमालयाचा दरवाजा पॅकेजनेच उघडला.

पण सदस्याचा ग्राहक झाला की ग्राहकाच्या दोन सवयीही सोबत येतात. पहिली, निघण्यापूर्वी भावाखेरीज काही विचारायचं नाही. दुसरी, वर गेल्यावर मात्र हुज्जत घालायची, कारण आपण पैसे मोजलेत. डोंगरावर ही रीत नेमकी उलटी हवी. सगळ्या शंका घरी काढाव्यात, कंपनीला प्रश्नांनी भंडावून सोडावं, नाही पटलं तर दुसरीकडे जावं. एकदा पाऊल बर्फावर पडलं की मग गाइड सांगेल तसं वागावं. तिथे दमलेल्या, प्राणवायूला भुकेल्या मेंदूने काढलेल्या शंका बहुधा शंका नसतातच. त्या हट्ट असतात किंवा भीती असते.

विचारायचं काय? शिखराच्या दिवशी किती जणांमागे किती गाइड असतील. त्यांचं प्रशिक्षण उत्तरकाशी, मनाली, दार्जिलिंग यांपैकी कुठल्या संस्थेत आणि कुठल्या पातळीपर्यंत झालंय. याच शिखरावर ते याआधी गेलेत का. दोर कोण लावणार आणि तो कुणाचा. बेस कॅम्पवर ऑक्सिजन सिलिंडर आणि उंचीच्या आजारावरची औषधं आहेत का, आणि ती वापरता येणारा माणूस तिथे थांबणार की तोही वर जाणार. एकाला खाली न्यावं लागलं तर त्याच्याबरोबर कोण उतरणार, आणि मग बाकीच्यांचं काय. राखीव दिवस किती. पोर्टरचा विमा आहे का, त्याच्या पायात काय असतं. हा शेवटचा प्रश्न दयेपोटी विचारायचा नाही. जी कंपनी पोर्टरच्या बुटांत पैसे वाचवते, ती तुमच्या दोरातही वाचवत असणार.

घासाघीस करणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं. भाव पाडला की कंपनीला कुठेतरी कात्री लावावीच लागते. जेवणाला लावली तर गिऱ्हाइकाला पहिल्याच संध्याकाळी कळतं, तंबूला लावली तर फोटोत दिसतं. म्हणून कात्री न दिसणाऱ्या गोष्टींना लागते: राखीव दिवस, दुसरा गाइड, सिलिंडर. आणि राखीव दिवसाला कात्री लावायला आपणही मदत करतो. रजा मोजकी, परतीचं तिकीट पक्कं, सोमवारी पहिल्या शिफ्टला हजर व्हायचं. हवा बिघडली तर वाट बघायला दिवसच नसतो, मग बिघडलेल्या हवेतच निघण्याचा मोह होतो. रजेच्या अर्जात दोन दिवस जास्त मागणं ही गिर्यारोहणातली पहिली चढाई समजावी. साहेबाला पटवणं अवघड असतं, हे मान्य.

सगळ्यात अवघड कलम परत फिरण्याचं. बारवीची रचना इथे उपयोगी पडते. पाणी पूर्ण पातळीला पोचलं की धरणाचे स्वयंचलित दरवाजे आपोआप उघडतात. मुसळधार पावसाच्या रात्री कुणी विचार करत बसत नाही. तो निर्णय कोरड्या दिवसांत, शांत डोक्याने घेऊन ठेवलेला असतो. शिखरावरून परत फिरण्याची वेळ तशीच आधी ठरवावी, लिहावी, आणि घड्याळ तिथे पोचलं की माथा शंभर पावलांवर असला तरी वळावं.

ही वेळ मोडली की काय होतं, ते मे १९९६ मध्ये एव्हरेस्टवर जगाने पाहिलं. न्यूझीलंडचा रॉब हॉल हा त्या काळातला अत्यंत जाणता व्यावसायिक गाइड. त्याने आदल्या वर्षी डग हॅन्सन या टपाल कर्मचाऱ्याला माथ्याच्या जवळून परत फिरवलं होतं. हॅन्सन पुन्हा आला. उशिरात उशिरा दुपारी दोनपर्यंत वळायचं, असं सगळ्यांना ठाऊक होतं. हॅन्सन माथ्यावर पोचला तेव्हा चार वाजून गेले होते आणि हॉल त्याच्यासाठी थांबला होता. वादळ आलं. दोघेही परतले नाहीत. त्या वादळात एकूण ८ जण गेले. हॉलला नियम ठाऊक नव्हता असं कोण म्हणेल? दोनदा पैसे जमवून आलेल्या माणसाला दुसऱ्यांदा ‘नाही’ म्हणणं त्याला जमलं नसावं. गिऱ्हाइकाची इच्छा गाइडवर किती ओझं टाकते, हे या घटनेतून शिकावं. ‘इतके पैसे भरलेत’ हे वाक्य वर उच्चारायचंच नाही, असं घरून ठरवून जाणं हा गाइडच्या जिवाचाही विमा आहे. त्याच्याही घरी कुणीतरी वाट बघत असतं.

यावर कुणी म्हणेल, गाइडच चुकला तर? आज्ञा पाळत मरायचं का? प्रश्न रास्त आहे. माझा तोडगा असा: वर जायला दोघांचा होकार लागावा, खाली यायला एकाचा नकार पुरेसा असावा. गाइड ‘चला’ म्हणाला आणि तुमचं शरीर ‘नको’ म्हणत असेल, तर तुम्ही थांबायला मोकळे. तो ‘नको’ म्हणाला आणि तुम्हाला जायचंय, तर मात्र तुमच्या मताला किंमत नाही. आज्ञाधारकपणा एवढ्यापुरताच. आणि हा करार बेस कॅम्पला पोचण्यापूर्वी, सगळ्यांसमोर बोलून झालेला असावा.

इतकं करूनही धोका शून्यावर येत नाही, हे स्वतःला आणि घरच्यांना स्पष्ट सांगावं. ४ ऑक्टोबर २०२२ ला उत्तराखंडातल्या द्रौपदी का डांडा-२ या ५,६७० मीटरच्या शिखरावर नेहरू गिर्यारोहण संस्थेची प्रशिक्षणाची तुकडी हिमप्रपातात सापडली. २७ मृतदेह मिळाले. त्यात प्रशिक्षक सविता कंसवालही होती. त्याच वर्षीच्या मे महिन्यात ती एव्हरेस्ट आणि मकालू या दोन्ही शिखरांवर जाऊन आली होती. प्रशिक्षण, अनुभव, संस्था, सगळं होतं. बर्फाने ते विचारात घेतलं नाही. तयारीमुळे टाळता येण्यासारखे मृत्यू टळतात, आणि बहुतेक अपघात त्याच जातीचे असतात, म्हणून तयारी करायची. उरलेला धोका पत्करायचा की नाही, हा प्रश्न कंपनी तुमच्यासाठी सोडवू शकत नाही, गाइडही नाही.

तेव्हा यंदा ज्यांचा बेत चाललाय त्यांना एवढंच सांगणं: पैसे भरण्याआधी वरचे प्रश्न कागदावर लिहा, उत्तरं लेखी मागा, परत फिरण्याची वेळ त्यात नोंदवा आणि एक प्रत घरच्यांकडे ठेवा. उत्तरं द्यायला कंपनी कंटाळली तर कंपनी बदला. प्रश्न विचारायला तुम्हीच कंटाळलात, तर यंदा चंदेरीच करा.